डिजिटल राखण – लेखांक ९ : स्विचला कोण विचारणार?

गेल्या लेखांकात तयार स्कॅनर काय हुडकून काढतात ते पाहिले : जुनाट आवृत्त्या, उघडी राहिलेली पोर्ट, बसवल्यापासून कोणी न बदललेले पासवर्ड. अकोला-अमरावतीकडच्या एखाद्या नागरी सहकारी बँकेत सुरक्षा-तपासणीचा अहवाल येतो, तेव्हा त्यात बहुतेक मजकूर याच गोष्टींचा असतो. जाडजूड पीडीएफ, लाल-पिवळे तक्ते, खाली सही-शिक्का. हे काम वाया जाते असे मुळीच नाही. पण स्कॅनर तेवढेच विचारतो, जेवढे त्याच्या कर्त्याला आधी कुठे तरी सापडलेले असते. तुमच्या बँकेतला पैसा नेमका कोणत्या वाटेने फिरतो आणि त्या वाटेवर कोण कोणाच्या शब्दावर विसंबून आहे, हे त्याच्या गावीही नसते. ते विचारायचे तर प्रश्न आपला आपण लिहावा लागतो, आणि लिहायला प्रोग्रॅमिंगची भाषा लागते. वऱ्हाडातल्या बँकांना, पतसंस्थांना आणखी एका महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा पायथन बऱ्यापैकी येणाऱ्या एका माणसाची गरज जास्त आहे, असे मी म्हणतो ते यामुळे.

पुरावा आपल्याच राज्यातला आहे. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या ग्राहकांची बनावट कार्डे वापरून त्या दिवशी २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे १२ हजार व्हिसा व्यवहारांत ७८ कोटी रुपये काढले गेले. भारतातल्या एटीएममधून रुपे कार्डांवर आणखी अडीच कोटी गेले. सोमवारी, १३ तारखेला, बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय संदेशांच्या स्विफ्ट जाळ्यामार्गे १३.९२ कोटी रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका खात्यात पोचले. बेरीज ९४ कोटींच्या वर. नोटा काढणाऱ्यांपैकी काही हाती लागले आणि २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले, पण आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. एटीएममध्ये कार्ड घातले की विनंती बँकेच्या स्विचकडे येते, आणि खात्यात पैसे आहेत का, हे स्विच कोअर बँकिंगला, म्हणजे खात्यांचा हिशेब ठेवणाऱ्या मुख्य यंत्रणेला, विचारतो. त्या शनिवारी मध्येच एक बनावट स्विच बसून परस्पर उत्तरे देत होता. कोअर बँकिंग शाबूत होते, असे बँकेने तेव्हा सांगितले, आणि ते पटण्यासारखे आहे. त्याला कोणी काही विचारलेच नव्हते.

हे परस्पर दिलेले उत्तर दिसते कसे, ते जवळून पाहू. कार्डाच्या व्यवहारांचा संवाद आयएसओ ८५८३ नावाच्या ठरावीक नमुन्यात चालतो. संदेशाच्या सुरुवातीला चार आकडे : ०२०० म्हणजे पैशाची विनंती, ०२१० म्हणजे तिचे उत्तर (काही जाळ्यांत हीच जोडी ०१०० आणि ०११० अशी असते). त्यामागोमाग ६४ बिटांचा नकाशा. जो बिट चालू, तो रकाना पुढे हजर. जो बंद, तो गैरहजर. चौथ्या रकान्यात रक्कम, बारा आकडी आणि पैशांत, म्हणजे दहा हजार रुपये असतील तर ०००००१००००००. सदतिसाव्यात व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. एकोणचाळिसावा रकाना जेमतेम दोन अक्षरांचा : ५१ असेल तर शिल्लक अपुरी, ०० असेल तर द्या पैसे. कॉसमॉसच्या ९४ कोटींपैकी ८० कोटी या दोन शून्यांवर गेले.

असा संदेश पायथनमध्ये वाचणे हे एका दुपारचे काम आहे. हेक्स अक्षरांतला नकाशा पूर्णांकात बदलायला एक ओळ, चालू बिट ओळखायला एक, रकाने कापायला पंधरा-वीस. मग ज्या ज्या व्यवहाराला ०० मिळाले त्यांच्या संदर्भ क्रमांकांचा एक संच करायचा. कोअर बँकिंगने ज्यांची रक्कम खात्यातून खरोखर वजा केली त्यांचा दुसरा. पायथनमध्ये दोन संचांच्या मध्ये वजाबाकीचे चिन्ह टाकले की पहिल्यात आहेत पण दुसऱ्यात नाहीत, तेवढे क्रमांक समोर येतात. एरवीच्या दिवशी तिथे मोजकी भुते निघतील : उलटवलेला व्यवहार, उशिरा पोचलेली नोंद, तारीख बदलताना घसरलेला क्रमांक. ११ ऑगस्टसारख्या दिवशी तिथे हजारोंची रांग लागली असती, आणि ती दुपारीच दिसली असती. ताळमेळ बँका रोज घालतातच, पण तो बहुधा दुसऱ्या दिवशी, हिशेबाच्या फायली आल्यावर. वरातीमागून घोडे.

इथे जाणता वाचक अडवेल, आणि त्याने अडवलेच पाहिजे. बनावट स्विच बसवणारा नोंदी खऱ्या ठेवील कशाला? बरोबर. म्हणूनच पहिला संच स्विचच्या स्वतःच्या नोंदींवरून करायचा नाही. नेटवर्कवरून प्रत्यक्ष गेलेल्या संदेशांची वेगळी प्रत घ्यायची आणि संच त्यावरून करायचा; संदेश कूटबद्ध असतील तर जिथे ते उलगडतात तिथून. फिलिप बियाँडीने २००३ च्या सुमारास पायथनमध्ये लिहिलेले स्केपी हे साधन अशा पाकिटांची चिरफाड करण्यासाठीच आहे. अकोल्याच्या बाजारात कापसाचा ढीग वरून पाहून कोणी भाव बोलत नाही, हात आत घालून ओलावा बघतात. त्यातलाच हा प्रकार. पेनटेस्टिंगमध्ये, म्हणजे हल्ल्याच्या सरावी चाचणीत, याच्याही पुढे जाता येते. बँकेच्या लेखी परवानगीने, चाचणीसाठी राखलेल्या यंत्रणेत, प्रत्येक विनंतीला डोळे झाकून ०० म्हणणारा लहानसा खोटा स्विच पायथनमध्ये उभा करायचा आणि घड्याळ लावून बसायचे. बँकेत ते कोणाच्या लक्षात येते का? किती वेळाने? कोणत्या पडद्यावर? कोणत्याही विकाऊ अहवालात या तीन प्रश्नांचे रकाने मी पाहिलेले नाहीत.

आमचा स्विच आमच्याकडे नाहीच, तो सेवा देणाऱ्या कंपनीकडे आहे, असे लहान बँका म्हणतील. रिझर्व्ह बँकेच्या ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने नागरी सहकारी बँकांचे डिजिटल व्याप्तीनुसार चार स्तर पाडले, त्यात स्वतःचा स्विच असलेल्या बँका वरच्या स्तरांत येतात. आपल्याकडच्या पुष्कळ बँका त्याखाली राहतात. पण स्विच दुसऱ्याकडे म्हणजे जोखीमही दुसऱ्याकडे, हा हिशेब जुलै २०२४ मध्ये चुकला. सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवा कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला, राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने ३१ जुलैला तिला जाळ्यातून तात्पुरते तोडले, आणि देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांचे व्यवहार अडले. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिणाऱ्याला निदान ओंजळ बघता आली पाहिजे. स्विच बाहेर असेल तर आपल्याला जाळ्याशी जोडून देणाऱ्या प्रायोजक बँकेकडून येणारी यादी आणि आपले कोअर बँकिंग यांची वजाबाकी तरी आपल्याच हातात असते. तेवढ्यासाठी कंपनीकडे परवानगीही मागावी लागत नाही.

आता पायथनच का? या भाषेला कोणी देव्हाऱ्यात बसवावे असे नाही. गिदो व्हान रॉसमने १९८९ च्या नाताळात ती लिहायला घेतली तेव्हा त्याच्या डोक्यात सुरक्षा-संशोधन नव्हते. सुरक्षेच्या जगात भाषा येत-जात राहिल्या आहेत : मेटास्प्लॉइट २००३ मध्ये पर्लमध्ये सुरू झाले आणि २००७ मध्ये रुबीत नव्याने लिहिले गेले, एनमॅपचे इंजिन सी आणि सी प्लस प्लसचे, पण त्याला जोडायच्या स्क्रिप्ट लुआच्या. वेगच हवा असेल तर पायथन मागे पडते हे उघड आहे. २०१३ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी सारे आयपीव्ही४ इंटरनेट पाऊण तासात चाळणारे झेडमॅप केले ते सीमध्ये. पण अमरावतीच्या बँकेला सारे इंटरनेट चाळायचे नाही. तिच्याकडे दोन-तीनशे उपकरणे असतील. तिथे वेळ खातो तो माणसाचा विचार, आणि विचार व पडताळा यांतले अंतर पायथनमध्ये सर्वांत कमी आहे. एक ओळ लिहा, एंटर दाबा, उत्तर पाहा, ओळ बदला. तिसऱ्या आवृत्तीपासून बाइट आणि अक्षर यांची सक्त फारकत झाली, तेव्हा जुनी साधने लिहिणाऱ्यांनी बोटे मोडली; कित्येक साधने १ जानेवारी २०२० ला दुसऱ्या आवृत्तीची मुदत संपेपर्यंत तिथेच अडून होती. संशोधकाला मात्र ती फारकत फायद्याची आहे, कारण सुरक्षेतल्या निम्म्या भानगडी बाइटना अक्षरे समजण्यातून होतात. निम्म्या हा माझा अंदाज, आकडेवारी नव्हे.

ज्या भाषेत दोष असतो तिच्यातच तो शोधायला हवा असेही नाही. ७ एप्रिल २०१४ ला जाहीर झालेला हार्टब्लीड हा ओपनएसएसएलमधला, म्हणजे सी भाषेतला दोष. समोरचा म्हणतो, मी इतकी अक्षरे पाठवली, तेवढी परत दे. सर्व्हर मोजून न पाहता त्याच्या शब्दावर विसंबून आपल्या स्मृतीतले ६४ किलोबाइटपर्यंत काहीही देऊन टाकतो, त्यात पासवर्ड असोत की खासगी किल्ल्या. लगोलग जगभर फिरली ती पायथनमधली एक छोटी स्क्रिप्ट. लोकांनी आपापल्या सर्व्हरला तो एक प्रश्न विचारला आणि रात्रीतून दुरुस्त्या सुरू झाल्या. काहींनी तीच स्क्रिप्ट दुसऱ्यांच्या सर्व्हरवरही चालवली, हेही खरे.

म्हणूनच सर्वांत जड आक्षेप हा की पोरांना हे शिकवणे म्हणजे चोर तयार करणे. अमरावती विद्यापीठ १९८३ चे. बडनेऱ्याचे राम मेघे आणि शेगावचे गजानन महाराज ही अभियांत्रिकी महाविद्यालयेही त्याच वर्षीची. तिथून दरवर्षी संगणकाचे पदवीधर बाहेर पडतात आणि त्यांच्या हाती हे शास्त्र द्यावे की नाही, ही शंका पालकांना येऊ शकते. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, असे आपण म्हणतो; पण कॉसमॉस लुटणाऱ्यांना त्या वाटा कोणत्याही वऱ्हाडी वर्गात शिकाव्या लागल्या नव्हत्या. अज्ञान फक्त राखणदाराचे होते. आक्षेपात तथ्य आहे ते कायद्यापुरते, आणि ते वर्गात पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ प्रमाणे मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीवाचून यंत्रणेत शिरणे हीच आगळीक आहे. हेतू चांगला होता म्हणून भरपाई चुकत नाही. तेच कृत्य अप्रामाणिकपणे केले तर कलम ६६ लागते : तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. चांगल्या हेतूने दोष शोधणाऱ्यासाठी या कायद्यात वेगळे संरक्षण लिहिलेले नाही. तेव्हा सरावासाठी स्वतःच्या लॅपटॉपवर मुद्दाम सदोष बनवलेली यंत्रणा, कामासाठी हाती लेखी परवानगी, आणि सहज नजरेस पडलेला दोष सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेकडे. गावातल्या बँकेच्या वेबसाइटवर 'जरा बघू' म्हणून स्क्रिप्ट चालवणे यात बसत नाही.

पायथनची स्वतःचीही एक दुखरी बाजू आहे. तिची ताकद आयत्या लायब्ररींत आहे आणि त्या पायपीआय या सार्वजनिक भांडारातून येतात. ओळखीच्या नावात एक अक्षर फिरवून घातक पॅकेज ठेवण्याचे प्रकार तिथे सतत होतात; २८ मार्च २०२४ ला तर असल्या पॅकेजांचा पूर आल्याने भांडाराने नव्या सदस्यांची नोंदणी काही तास बंद ठेवली होती. बँकेच्या चालू संगणकावर कोणी ऐकीव नावाची लायब्ररी उतरवून घेतली तर राखणदारच दार उघडून देईल. वर सांगितलेल्या वजाबाकीला मात्र पायथनबरोबर मिळते त्यापलीकडे काहीच लागत नाही, आणि सुरुवात तेवढ्यावरच करावी.

राहता राहिला आजचा ताजा आक्षेप : कोड आता एआय लिहून देते, मग भाषा शिका कशाला? लिहून देते, आणि बऱ्याचदा ठीक देते. आयएसओ ८५८३ चा संदेश फोडून दाखव म्हटले तर दाखवेल. पण पहिला संच स्विचच्या नोंदींवरून घ्यायचा की नेटवर्कवरून, हा निर्णय ते तुमच्या बँकेची मांडणी पाहिल्याशिवाय घेऊ शकत नाही; आणि त्याने निमूट स्विचच्या नोंदी धरल्या, तर घात कुठे झाला हे ज्याला कोड वाचता येतो त्यालाच कळेल. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या छोट्या लायब्ररीत कोणी पेरून ठेवलेले चोरदार सापडले, ते आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएचने लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न पडला म्हणून. तोवर ते कोणत्याही स्कॅनरला दिसले नव्हते.

एक सावधगिरी मात्र पारसच्या औष्णिक वीज केंद्रासारख्या ठिकाणांसाठी. कारखान्यांतली नियंत्रक यंत्रे मॉडबससारख्या १९७९ च्या नियमांवर आजही चालतात. त्या नियमांत हुकूम देणारा कोण, हे विचारायची सोयच नाही. शिवाय अशी काही जुनी यंत्रे साध्या पोर्ट-स्कॅननेही बंद पडलेली आहेत. तिथे पायथनची स्क्रिप्ट आधी बाजूला काढून ठेवलेल्या यंत्रावर चालते, मग नुसते ऐकण्यासाठी चालत्या जाळ्यावर. प्रश्न विचारण्याची पाळी आली तर ती देखभालीसाठी वीजनिर्मितीचा संच बंद असतानाच. बँकेतला चुकलेला प्रश्न एखादा सर्व्हर पाडतो, इथला चुकलेला प्रश्न जिल्ह्याचे दिवे घालवू शकतो. ही कामे कशी करतात ते पुढल्या आठवड्यात.