उसाच्या मुलखातला समुद्रकिनारा

जानेवारीत मेव्हण्याकडे ऑस्ट्रेलियात जाण्याचा योग आला. चूल-बिछान्यासकट भाड्याची मोटार घेऊन पोराबाळांसह क्वीन्सलँडमधील बंडाबर्गजवळच्या बार्गारा किनाऱ्यावर मुक्काम टाकला. वाटेत दुतर्फा ऊस! तिकडे ऊस दोन फुटी रुळांवरून छोट्या आगगाडीने कारखान्याला जातो. मला उतरून खोडवा बघायचा होता, पण पोरांना समुद्र.

रात्री मात्र दिवे बंद. कासवांची पिल्लं वाळूतून निघाली की उजेडाकडे धावतात, समुद्राची वाट चुकतात. धाकटी अंधाराला भिऊन रडू लागली. दुसऱ्या रात्री शेजारच्या मॉन रेपो किनाऱ्यावर रक्षकांनी मुलांना बॅटऱ्या देऊन पिल्लांना पाण्याची वाट दाखवायला उभं केलं. परतल्यावर गाडीतला दिवा तिनंच मालवला. चष्मा शोधताना माझा गुडघा आपटला, तो वेगळाच!