तांडेलाच्या केबिनमधला नवा पडदा

कोकणातल्या ट्रॉलरवर आता होकायंत्राशेजारी जीपीएस, फिश फाइंडर आणि वायरलेस असतातच. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत त्यांच्या जोडीला ट्रान्सपॉन्डर आला: १३ किनारी राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या एक लाख बोटींसाठी. मोबाइलची रेंज संपली तरी उपग्रहामार्फत वादळाचा इशारा बोटीवर पोहोचतो, आणि बोटीवरून मदतीची हाकही देता येते. एवढ्या एका सोयीसाठीही तो बसवून घ्यावा.

जुना जीपीएस चालतोय, मग बदलायचा कशाला? जीपीएसची जुनी घड्याळपद्धत १०२४ आठवडेच मोजते. एप्रिल २०१९मध्ये ती मोजणी पुन्हा शून्यावर आली, तेव्हा अपडेट नसलेले काही जुने संच चुकीची तारीख दाखवू लागले.

नवा चार्टप्लॉटर नकाशा, खोली आणि आसपासची जहाजे एकाच पडद्यावर दाखवतो. मात्र बिघाड बहुधा पडद्यात नसतो, वायरिंगमध्ये असतो. खाऱ्या हवेत उघडं तांबं हिरवं पडतं, जोड सैल होतात आणि इंजिन सुरू करताना व्होल्टेज घसरून पडदा बंद पडतो. म्हणून कल्हई केलेली तांब्याची वायर, स्वतंत्र फ्यूज आणि बंदिस्त जोड यांवर आधी खर्च करावा.

तांडेलाची खरी कमाई म्हणजे जुन्या संचात साठवलेले पॉइंट: कुठे मासा लागतो, कुठे खडकात जाळं फाटतं. संच काढण्यापूर्वी ते सगळे अक्षांश-रेखांश वहीत उतरवून घ्या.