पदव्युत्तर शेतकी शिक्षण : नांवनोंदणीपूर्वींची आंखणी

आमच्या हिंगोली जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांत कृषि शाखेची बी. एस्सी. ही पदवी आतां अपूर्वाईची राहिलेली नाहीं. औंढा नागनाथ तालुक्यांत गोळेगांव येथें परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाचें महाविद्यालय आहे. आणि आपला जिल्हा इ. स. १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्याचाच भाग असल्यामुळें परभणी हें गांवहि आपणांस परकें नाहीं. पदवी हातीं आल्यावर मुलगा अथवा मुलगी पुढें एम. एस्सी. करण्याची इच्छा बोलून दाखविते, तेव्हां घरांत दोन प्रश्न निघतात. खर्च किती येईल, आणि प्रवेश मिळेल कीं नाहीं. हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु तिसरा एक प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं, आणि तोच अखेरीस सर्वांत महाग पडतो. तो प्रश्न असा कीं, दोन वर्षांतील चार सत्रांपैकीं कोणतें सत्र कोणत्या कामीं लावावयाचें?

शेतकीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास एकाच वेळीं दोन पंचांगें पाळावीं लागतात. एक विद्यापीठाच्या सत्रांचें, दुसरें पिकाच्या हंगामाचें. पहिल्यांत चूक झाली तर विलंबशुल्क भरून बहुतेक वेळां निभावतें. दुसऱ्यांत चूक झाली तर मात्र वर्ष जातें, कारण मृगाचा पाऊस कोणाच्याहि अर्जाची वाट पाहत नाहीं. सबब नांवनोंदणीपूर्वीं काय आंखावें व कसें आंखावें, ह्याचा विचार आम्हीं येथें योजिला आहे. मुलांनीं तो वाचावाच. परंतु घरच्या वडील माणसांनींहि वाचावा अशी आमची विनंति आहे, कारण त्या दोन वर्षांचा भार त्यांच्याच शिरावर असतो.

अभ्यासक्रमाची बांधणी

भारतीय कृषि अनुसंधान परिषदेनें इ. स. २०२१ सालीं पदव्युत्तर अभ्यासक्रमांची नव्यानें रचना केली. तीप्रमाणें एम. एस्सी. साठीं एकंदर ७० श्रेयांक पुरे करावे लागतात. त्यांची वांटणी अशी : मुख्य विषयाचे २०, गौण विषयाचे ८, साहाय्यक विषयांचे ६, सर्वांस समान असलेल्या अभ्यासक्रमांचे ५, चर्चासत्राचा १ आणि संशोधन व प्रबंध ह्यांचे ३०. कमींत कमी काल चार सत्रांचा, म्हणजे दोन वर्षांचा आहे.

श्रेयांक म्हणजे काय, हें प्रथम नीट समजून घ्यावें. आठवड्यास एक तास व्याख्यान, असें सत्रभर चाललें म्हणजे एक श्रेयांक होतो. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकास मात्र आठवड्याचे निदान दोन तास द्यावे लागतात. म्हणून एखाद्या अभ्यासक्रमापुढें ‘२ + १’ असें लिहिलेलें दिसलें, तर त्याचे श्रेयांक तीन, परंतु आठवड्याचे तास चार, असा हिशेब करावा. केवळ श्रेयांक मोजून सत्र भरणारा विद्यार्थी पुढें प्रयोगशाळेच्या वेळांत अडकतो आणि शेतावरील प्रयोगाकडे त्याचें दुर्लक्ष होतें. ज्यानें तास मोजले, त्यास कोणत्या दिवशीं शेतावर जातां येईल हें आधींच दिसतें.

ह्या बांधणींत ध्यानांत धरण्याजोगी मुख्य गोष्ट ही कीं, सत्तरांपैकीं तीस श्रेयांक एकट्या संशोधनाचे आहेत. तेव्हां इतर चाळीस श्रेयांक त्या तिसांस उपयोगीं पडतील असे निवडणें, ह्यांतच सर्व आंखणीचें सार आलें. पुष्कळ विद्यार्थी ह्याच्या उलट वागतात. आधीं सोपे म्हणून ऐकिवांत असलेले अभ्यासक्रम घेतात, आणि संशोधनाचा विषय दुसऱ्या वर्षीं शोधूं लागतात.

एकच पीक, अनेक विभाग

मुख्य विषय निवडतांना ‘मला हळदीवर काम करावयाचें आहे’ एवढें म्हणणें पुरेसें होत नाहीं. आपल्या जिल्ह्यास हळद नवी नाहीं. वसमतच्या हळदीस इ. स. २०२४ सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. परंतु विद्यापीठांत हळद नांवाचा एकच विभाग नसतो. कंद कुजतो तो कोणत्या बुरशीनें, व तिला आवर कसा घालावा, हा प्रश्न असेल तर विभाग वनस्पतिरोगशास्त्राचा. कंदमाशीचा प्रश्न असेल तर कीटकशास्त्राचा. पाणी व खत किती द्यावें, हें मृदाशास्त्राकडे अथवा कृषिविद्येकडे जाईल. नवें वाण काढणें उद्यानविद्येकडे अथवा वनस्पतिप्रजननाकडे. आणि हिंगोलीच्या बाजारांत सौद्याच्या दिवशीं भाव कां चढतो व कां पडतो, हें विचारावयाचें असेल तर कृषि अर्थशास्त्राचा विभाग गांठावा लागेल.

म्हणून अर्ज भरण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें आपला प्रश्न एका वाक्यांत लिहून काढावा. वाक्य जमलें म्हणजे विभाग आपोआप ठरतो. त्यानंतर गौण विषय कोणता, हेंहि त्याच वाक्यास विचारावें. कंदकुजीचा अभ्यास करणाऱ्यास मृदाशास्त्र गौण विषय म्हणून उपयोगी पडेल, कारण जेथें पाण्याचा निचरा होत नाहीं तेथें ही कूज बळावते, हें आपण सर्वच जाणतों. साहाय्यक विषयांत संख्याशास्त्र व प्रयोगरचना ह्यांस टाळूं नये. त्याचें कारण पुढें येईल.

एक थोर उदाहरण

अशा आंखणीचें एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रांतील आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे इ. स. १९१३ सालीं बडोदे संस्थानाची शिष्यवृत्ति घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणास गेले. शिष्यवृत्तीची मुदत तीन वर्षांची होती. त्या काळांत त्यांनीं घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद त्या विद्यापीठाच्या दप्तरीं आहे : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि फ्रेंच व जर्मन ह्या भाषांचा प्रत्येकीं १. इ. स. १९१५ सालीं त्यांनीं एम. ए. ची पदवी मिळविली.

हे आंकडे नुसते थक्क होण्यासाठीं आम्ही देत नाहीं. त्यांतील प्रमाण पाहावें. जवळजवळ निम्मा भार एका मुख्य विषयावर आहे, आणि उरलेले विषय त्यास चोहों बाजूंनीं आधार देणारे आहेत. ह्या विद्येचें फळ शेतकऱ्याच्या प्रश्नासहि मिळालें. इ. स. १९१८ सालीं हिंदुस्थानांतील लहान धारणक्षेत्रें व त्यांवरील उपाय ह्या विषयावर त्यांनीं निबंध प्रसिद्ध केला. जमिनीचा तुकडा लहान कीं मोठा हें केवळ एकरांवरून ठरत नसून, त्यावर लागणारें भांडवल व श्रम ह्यांच्या प्रमाणावरून ठरतें, असें त्यांनीं त्यांत मांडलें. ज्याच्या घरीं चार भावांत वांटणी झालेली आहे, त्यास ह्या विचाराचें मोल वेगळें सांगावयास नको.

हंगाम आणि सत्र

आतां मुख्य अडचणीकडे येऊं. आपल्याकडे हळदीची लागवड वैशाख-ज्येष्ठांत होते आणि काढणी पौषापासून फाल्गुनापर्यंत चालते. म्हणजे पीक आठ-नऊ महिने जमिनींत असतें. पदव्युत्तर प्रवेश मात्र बहुधा मृग उलटून गेल्यावर पार पडतात. सबब पहिल्या वर्षाची लागवड विद्यार्थ्याच्या हातीं लागतच नाहीं. उरते ती दुसऱ्या वर्षाची, आणि ती एकच. ती चुकली तर काढणीची आंकडेवारी वेळेवर हातीं येणार नाहीं, प्रबंध लांबेल, आणि घरच्यांस तिसऱ्या वर्षाचा खर्च सोसावा लागेल.

सोयाबीनचें पीक सुमारें शंभर दिवसांचें, तेव्हां तेथें थोडी सवड असते. हरभरा घेणाऱ्यास, त्वरा केल्यास, पहिल्या वर्षाचा रब्बी हंगामहि साधतां येण्याजोगा आहे. एकूण, पीक जितकें दीर्घ मुदतीचें, तितकी आंखणी आधीं झाली पाहिजे.

ह्यावरून मागें मोजीत यावें. लागवड वैशाखांत, त्यापूर्वीं निरोगी बेणें व प्रयोगाची जागा निश्चित झाली पाहिजे. त्यापूर्वीं संशोधनाच्या आराखड्यास सल्लागार समितीची व विद्यापीठाची मान्यता पाहिजे. समितींत मुख्य मार्गदर्शकाबरोबर गौण व साहाय्यक विषयांचे अध्यापकहि असतात, म्हणून ते विषय त्यापूर्वींच ठरले पाहिजेत. अशा रीतीनें वैशाखांतील लागवडीचें मूळ पहिल्या सत्राच्या पहिल्या पंधरवड्यांत जाऊन पोंचतें.

संख्याशास्त्राचें कारणहि येथेंच आहे. वाफे किती पाडावे, प्रत्येक उपचाराची पुनरावृत्ति किती वेळां करावी, वाफ्यांची मांडणी कोणत्या क्रमानें करावी, हें सारें लागवडीपूर्वीं ठरतें. काढणी झाल्यावर मांडणींतील चूक कोणताहि गणिती सुधारूं शकत नाहीं. म्हणून प्रयोगरचनेचा अभ्यासक्रम लागवडीपूर्वींच्या दोन सत्रांतच घ्यावा. तिसऱ्या सत्रावर ढकलूं नये.

चार सत्रांची वांटणी

एक नमुना देतों. पहिल्या सत्रांत १६ श्रेयांकांचे अभ्यासक्रम, दुसऱ्यांत १५, तिसऱ्यांत ८ व चर्चासत्राचा १, असे मिळून ४० होतात. संशोधनाचे ३० श्रेयांक दुसऱ्या सत्रापासून थोडे व पुढील दोन सत्रांत अधिक असे नोंदवावे. चौथें सत्र काढणी, पृथक्करण व लेखन ह्यांकरितां मोकळें राहील. एका सत्रांत किती भार घेतां येतो ह्याची मर्यादा विद्यापीठाच्या नियमांत असते. ती पाहून ह्या नमुन्यांत फेरफार करावा.

आणखी एक सावधगिरी. प्रत्येक अभ्यासक्रम प्रत्येक सत्रांत शिकविला जातोच असें नाहीं. कांहीं केवळ पहिल्या व तिसऱ्या सत्रांत असतात, कांहीं दुसऱ्या व चौथ्यांत. जो एकदां हुकला तो पुन्हा वर्षानें येतो. तेव्हां कोणता अभ्यासक्रम केव्हां असतो व कोणता आधीं केल्यावांचून दुसरा घेतां येत नाहीं, हें विभागांत जाऊन विचारावें आणि टिपून ठेवावें.

कागदपत्रें व नोंदणीचा दिवस

कागदपत्रांची तयारी प्रवेश परीक्षेबरोबरच सुरू करावी. पदवीच्या सर्व सत्रांचीं गुणपत्रकें, पदवीचा दाखला, अधिवासाचा दाखला, आणि विद्यापीठ बदलत असल्यास स्थलांतर प्रमाणपत्र हीं आधीं गोळा करावीं. राखीव जागेसाठीं अर्ज असल्यास जातीचा दाखला व जातवैधता प्रमाणपत्र लागतें. वैधतेच्या कामास वेळ लागतो, म्हणून तें शेवटच्या वर्षींच हातीं घ्यावें. उन्नत गटांत मोडत नसल्याच्या दाखल्यास मुदत असते. ती संपलेली नाहीं ना, हें तारीख वाचून पाहावें. शिष्यवृत्तीसाठीं उत्पन्नाचा दाखला निराळा काढावा. अनुसंधान परिषदेच्या अखिल भारतीय परीक्षेंत वरचा क्रमांक आल्यास अधिछात्रवृत्ति मिळूं शकते, म्हणून राज्याच्या परीक्षेबरोबर तिचाहि अर्ज भरण्यास चुकूं नये.

नोंदणी ही एकदांच करावयाची गोष्ट नाहीं. प्रत्येक सत्राच्या आरंभीं ती नव्यानें करावी लागते. त्या दिवशीं नोंदणीपत्रकावर अभ्यासक्रमांचे क्रमांक व श्रेयांक लिहून त्यावर मार्गदर्शकाची व विभागप्रमुखाची सही घ्यावी, शुल्क भरावें, आणि पत्रकाची एक प्रत जपून ठेवावी. अभ्यासक्रम बदलण्यास अथवा कमी करण्यास थोड्या दिवसांची मुदत असते. ती उलटल्यावर पश्चात्ताप करून उपयोग नाहीं. मार्गदर्शकाकडे प्रथम जातांना आपला एका वाक्याचा प्रश्न व चार सत्रांचा कागद बरोबर न्यावा. रिकाम्या हातीं गेलेल्या विद्यार्थ्यास जो विषय शिल्लक असेल तो मिळतो. कागद घेऊन गेलेल्याशीं मार्गदर्शक चर्चा करतो.

घरांतील बैठक

शेवटीं वडील माणसांस दोन शब्द. मुलगा अथवा मुलगी परभणीस निघण्यापूर्वीं एका संध्याकाळीं सर्वांनीं एकत्र बसावें. मोठ्या कागदावर मधोमध रेघ ओढावी. एका बाजूस चैत्रापासून फाल्गुनापर्यंत शेतांतील कामें व घरांत पैसा येण्याचे महिने लिहावे. दुसऱ्या बाजूस सत्रें, परीक्षा, शुल्काच्या तारखा व प्रयोगाची लागवड. ज्या महिन्यांत घरीं हळद शिजविण्याची घाई, त्याच महिन्यांत विद्यार्थ्याच्या प्रयोगाचीहि काढणी असेल, हें त्या कागदावर तत्काळ दिसेल. तेव्हां त्या दोन फाल्गुनांत त्यास घरच्या कामास बोलावूं नये, अथवा बोलवावयाचें असेल तर मजुरीची तजवीज आधीं करावी. हा निर्णय आज झाला तर तो समजुतीचा ठरतो. ऐन सुगींत झाला तर तंट्याचा ठरतो.

विषयाच्या निवडींत कोणाचें साहाय्य हवें असल्यास कळमनुरी तालुक्यांतील तोंडापूर येथें कृषि विज्ञान केंद्र आहे. तेथील विषयतज्ज्ञ स्वतः ह्याच शिक्षणांतून गेलेले असतात, आणि जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या अडचणी त्यांस रोज ऐकूं येतात. कोणता प्रश्न अद्याप सुटलेला नाहीं, हें तेथें एक दिवस घालविल्यास कळेल.

आपण बियाणें घरांत आणतों तें पाऊस पडल्यावर नव्हे. जमीन कोणती, पाणी किती, मागील पीक कोणतें, हें पाहून आधींच ठरवितों. तीच दृष्टि मुलांच्या ह्या दोन वर्षांकडे लावावी, एवढेंच आमचें सांगणें आहे.