तिवराचा श्वास

वर्सोव्याला मालाड खाडीच्या काठी ओहोटीच्या वेळी उभे राहिले की चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी असंख्य टोके दिसतात. ती तिवराची श्वसनमुळे. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून हे झाड मुळे वर काढून श्वास घेते. जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकते. मी पान चाखले आहे, खारट लागते.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली कांदळवन तोडण्यास व तेथे राडारोडा टाकण्यास मनाई केली. २०१८च्या निकालाने हे संरक्षण कायम झाले. मात्र तिवर मारण्यास कुऱ्हाडच लागते असे नाही. भरती अडवणारा बांध किंवा राडारोड्याचा ढीग पुरतो. मुळे गुदमरतात, झाड उभ्याउभ्या वाळते. बँकेत आम्ही शिल्लक मोजत असू. येथे झाडे मोजून भागत नाही. खाडीचे पाणी दिवसातून दोनदा आत येते का, तेही पाहावे लागते.