घोरपडीचं तेल आणि गुडघे

गुडघे धरले की गावाकडे कुणीतरी हमखास घोरपडीच्या तेलाची बाटली सुचवतं. कड्याला घट्ट चिकटणाऱ्या या प्राण्याच्या ताकदीवर लोकांचा भारी विश्वास. पण झिजलेली कूर्चा चरबी चोळून भरून येत नाही. मग बरं का वाटतं? कोमट तेल, हातांची ऊब आणि दाब यांनी आखडलेले स्नायू सैलावतात. तेवढं तर तिळाचं तेलही करतं! आमवातात मात्र शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर हल्ला करते. तिथे मेथोट्रेक्सेटसारखं औषध लांबवलं, तर सांधा कायमचा वाकडा होऊ शकतो. मला खरी भीती या उशिराची वाटते. आणि घोरपड? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ती आहे. शिकारीला किमान ३ वर्षं कैद.