मनोऱ्याच्या भिंतीवरील साक्ष

इंग्लंडच्या मध्ययुगाचा विषय निघाला की राजे, त्यांची युद्धे आणि त्यांचे किल्ले आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. त्या राजांच्या अमलाखाली नांदणाऱ्या सामान्य माणसाचा आवाज ऐकावयाचा असेल, तर मात्र एखाद्या गावच्या चर्चमध्येच शिरावे लागते. हर्टफर्डशर परगण्यातील ॲशवेल या गावचे सेंट मेरी चर्च आपण त्यासाठी पाहू.

प्रथम रचना ध्यानात घेऊ. पश्चिमेस घंटांचा मनोरा, मध्ये लोकांनी जमावयाचा सभामंडप, त्याच्या दोन्ही अंगांस पडव्या आणि पूर्वेस वेदीचा गाभारा. मध्ययुगात दुरुस्तीची वाटणीही याच धोरणाने होई : गाभारा धर्मगुरूने सांभाळावयाचा, सभामंडप गावाने. चर्च हे अशा रीतीने गावकीचेही काम होते. ॲशवेलचा मनोरा सुमारे १७६ फूट उंच आहे. लहानशा गावाने चौदाव्या शतकात असे काम हाती घ्यावे, यावरून त्याच्या उमेदीची कल्पना येते.

त्याच शतकात घाला आला. १३४८ साली प्लेग इंग्लंडात शिरला आणि दोनएक वर्षांत देशातील तिसरा हिस्सा ते निम्मी माणसे त्याने नेली. या मनोऱ्याच्या आतील भिंतीवर कोणीतरी टोकदार हत्याराने १३५० सालची नोंद लॅटिनमध्ये कोरली आहे. काळ दीनवाणा आणि बेभान आहे, साक्ष देण्यास लोकांतला गाळ तेवढा उरला आहे, असा तिचा आशय. पुढे १३६१ सालच्या सेंट मॉरच्या दिवशी, म्हणजे १५ जानेवारीस, झालेल्या प्रचंड वादळाचा उल्लेख येतो. इंग्लंडात तेव्हा साल २५ मार्चला बदलत असे. म्हणून आपल्या गणनेने ते वादळ १३६२ चे ठरते.

येथील दगड खडूसारखा मऊ. तो सहज कोरता येतो, पण उघड्यावर ऊनपावसाने झिजतो. आतल्या अक्षरांना तेवढा आडोसा मिळाला. जवळच एका भव्य चर्चचे चित्र कोरलेले आहे. १६६६ च्या आगीत जळालेले लंडनचे जुने सेंट पॉल ते हेच, असे मानतात.

कोरणाराचे नाव आपणांस ठाऊक नाही. राजाज्ञेने कोरलेल्या शिलालेखाचा डौल या वेड्यावाकड्या ओळींना नाही. पण संकट अंगावर झेललेल्या माणसाचा शब्द त्यांत आहे. आणि एक गोष्ट त्यांच्या शेजारी ठेवून पाहावी : साथीनंतरही चर्चचे बांधकाम चालूच राहिले. ज्यांना त्याने गाळ म्हटले, त्यांनी आणि त्यांच्या मुलाबाळांनीच ते पुढे नेले.