पाटे वाढवले, वजन तेवढेच

अमेरिकेत पिकअपच्या हौद्यात बसवायची घरे मिळतात. बिछाना, शेगडी, पाण्याची टाकी, सगळे त्यात. घर चढवले की गाडी मागे बसते, दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जातात. मग मालक मागचे पाटे वाढवतो किंवा हवेच्या पिशव्या घालतो. गाडी सरळ उभी राहते आणि त्याला वाटते, भार पेलला. मीही बरीच वर्षे पाट्यांनाच गाडीची ताकद समजत होतो.

समजा, १२०० किलोंच्या घराचा गुरुत्वमध्य मागच्या एक्सलच्या ३० सेंटिमीटर मागे पडला आणि दोन एक्सलमध्ये ३६० सेंटिमीटर अंतर आहे. तरफेच्या नियमाने मागच्या एक्सलवर १३०० किलो वाढतात. पुढची चाके १०० किलोंनी हलकी होतात, म्हणजे स्टिअरिंगची पकड सुटू लागते. पाटे वाढवून हे आकडे बदलत नाहीत. बेअरिंग, टायर, ब्रेक जुनेच. आपल्याकडे मालाच्या पिकअपला पाटे चढवणारेही हेच विसरतात.

तेव्हा आधी दाराच्या चौकटीवरची भारक्षमतेची पट्टी वाचावी, टाकी भरून गाडी वजनकाट्यावर न्यावी, दोन्ही एक्सल वेगवेगळे तोलावेत. पाट्यांचा विचार त्यानंतर.